नदीचे वकीलपत्र

शनिवार पेठेत ओंकारेश्वराच्या मागून मुठेकडे उतरले, की पात्रात मेट्रोचे खांब उभे दिसतात. एका बाजूला चिमाजी अप्पांची समाधी, अठराव्या शतकातले दगडी बांधकाम, आणि समोर काँक्रीट. या खांबांवरून २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठापुढे एक अर्ज दाखल झाला. वनाज ते रामवाडी या मार्गाचा सुमारे १.७ किलोमीटरचा तुकडा नदीपात्रातून जातो, त्याला हरकत घेणारा. अर्जदार चौघे होते: अनु आगा, आरती किर्लोस्कर, दिलीप पाडगावकर आणि सारंग यादवाडकर. त्यांची तक्रार स्वतःच्या घराची किंवा जमिनीच्या हद्दीची नव्हती, नदीची होती. शंभर वर्षांपूर्वी हीच माणसे हाच कागद घेऊन न्यायालयाच्या पायऱ्या चढली असती, तर त्यांना आधी एकच प्रश्न ऐकावा लागला असता: तुमचा यात संबंध काय? हा प्रश्न मागे कसा पडला आणि फी न घेता नदीचे, झाडांचे, हवेचे वकीलपत्र घेणारी माणसे व संस्था आपल्याकडे कशा उभ्या राहिल्या, याचा मागोवा घ्यायचा तर फार लांब जावे लागत नाही. त्या वाटेचे पहिले टप्पे पुण्याच्या या जुन्या पेठांतच सापडतात.

सुरुवात ‘वकील’ या शब्दापासूनच करू. अरबीतून फारसीत आणि फारसीतून मराठीत आलेला हा शब्द पेशवाईत न्यायालयाशी बांधलेला नव्हता. वकील म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारात ठेवलेला आपला माणूस. हिंगणे घराण्याने दिल्लीत पेशव्यांची वकिली पिढ्यान्‌पिढ्या केली. तिथून येणाऱ्या बातमीपत्रांवर शनिवारवाड्यातले कितीतरी निर्णय ठरत. आज मुर्तजाबाद हे जुने नाव पुसून गेलेल्या या पेठेच्या टोकाला १७३० मध्ये वाड्याचा पाया घातला गेला आणि १७९२ मध्ये त्याच वाड्याच्या धन्याला, सवाई माधवराव पेशव्यांना, महादजी शिंद्यांनी बादशहाकडून आणलेले ‘वकील-ए-मुतलक’ हे पद मोठ्या समारंभाने अर्पण केले गेले. म्हणजे पेशवेच बादशहाचे सर्वाधिकारी वकील झाले. दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार ही तेव्हा राजसत्तेची वस्तू होती. ती राजाकडून सरदाराला मिळे. रयतेने कोणाला वकील नेमावे, ही कल्पना त्या काळाच्या चौकटीत बसतच नव्हती.

मग सामाईक गोष्टींची, म्हणजे गायरानाची, ओढ्याची, देवराईची बाजू कोण मांडी? याचे उत्तर गोतसभेत मिळते. गावाचा तंटा निवडायला पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे आणि बलुतेदार एकत्र बसत, साक्षी होत आणि शेवटी महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जाई. महजराच्या तळाशी प्रत्येकाची निशाणी असे. पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस, ज्याच्या त्याच्या धंद्याचे हत्यार कागदावर उमटे. आज कायद्याचे अभ्यासक ‘लोकसहभाग’ म्हणतात त्याचे हे जुने रूप, असे म्हणण्याचा मोह होतो. पण गोतात कोणाला बसू दिले जाई आणि कोणाला वेशीबाहेर उभे केले जाई, हे विसरून तो मोह पुरा करता येणार नाही. वरून येणारी आस्थाही होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, जीर्ण झाड लागलेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, अशी ताकीद आहे. तरीही ती राजाने आपल्या कामगारांना दिलेली ताकीद होती. कामगाराने ती मोडली, तर झाडाच्या वतीने कोणत्या दारी जायचे, हे तिथे सांगितलेले नाही.

१८१८ मध्ये राज्य गेले आणि नऊच वर्षांत, १८२७ मध्ये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या नावाने ओळखली जाणारी कायद्यांची संहिता मुंबई इलाख्यात लागू झाली. अदालती आल्या, स्टँपाचा कागद आला आणि ‘वकील’ शब्दाने मालक बदलला. तो आता दरबाराचा राहिला नाही, पक्षकाराचा झाला. जो फी देईल त्याची बाजू मांडणारा. १८६० च्या भारतीय दंड संहितेने ‘सार्वजनिक उपद्रव’ नावाचा गुन्हा आणला. सार्वजनिक झऱ्याचे वा जलाशयाचे पाणी जाणूनबुजून घाण करणाऱ्याला शिक्षा सांगितली. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात ‘सार्वजनिक’ हा धनी अवतरला. पण त्याच्या वतीने बोलणारा मात्र सरकारच राहिले. शनिवारवाडा तोवर, १८२८ च्या आगीत, बहुतांश जळून गेला होता.

आता १८७० कडे येऊ, आणि इथे थोडे थांबू. कारण माझ्या मते या सगळ्या वाटेवरचे सर्वांत महत्त्वाचे वळण इथे आहे. पर्वती देवस्थानचा कारभार पाहणाऱ्या पंचांविषयी पुण्यात मोठी नाराजी होती. देवाची मालमत्ता, तिचे उत्पन्न आणि ते हाताळणारे विश्वस्त, असा हा वाद. पण त्यात एक अडचण होती. ज्याचे नुकसान होत होते तो देव बोलू शकत नव्हता, आणि जे बोलत होते त्यांना सरकार विचारू शकत होते, की तुम्ही कोणाच्या वतीने बोलता? या प्रश्नाला गणेश वासुदेव जोशी या साताऱ्याहून पुण्यात येऊन वकिली करणाऱ्या गृहस्थाने वकिलाला शोभेलसे उत्तर शोधले. बोलायचे तर रीतसर मुखत्यारपत्र घेऊन बोलायचे. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभासद व्हायचे तर किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे, असा तिचा नियम होता. पहिल्या पंचाण्णव प्रतिनिधींमागे सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. औंधचे पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले, पुढच्याच वर्षी न्यायमूर्ती रानडे पुण्यात आले, आणि जोशी ‘सार्वजनिक काका’ झाले. वकीलपत्र एका पक्षकाराचे असते, ही समजूत त्या सहा हजार सह्यांनी मोडली. आता ‘सार्वजनिक’ हाच पक्षकार होता आणि त्याच्याकडे सही केलेला कागद होता.

आठच वर्षांत हे वकीलपत्र जंगलासाठी वापरले गेले, ही गोष्ट पुण्यातही फारशी कोणाला आठवत नाही. १८७८ मध्ये नवा जंगल कायदा येऊ घातला होता. राखीव आणि संरक्षित जंगले ठरवून गावांचे पिढीजात हक्क सरकारी मेहेरबानीवर आणणारा हा कायदा. सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध सरकारला निवेदन धाडले. त्यातला युक्तिवाद आज वाचला तर मन थक्क होते. गावकऱ्यांना जंगलातून हुसकावण्यापेक्षा त्यांना विश्वासात घ्या. जो आपल्या वाटचे रान राखील, नवी झाडे लावील, त्याचा गौरव करा, त्याला बक्षीस द्या. म्हणजे गावागावांत राखण्याची चढाओढ लागेल, असे सभेचे म्हणणे होते. सामूहिक वनव्यवस्थापनाची जी भाषा स्वतंत्र भारतात शंभर वर्षांनी रुजली, तिचा मुद्दा असा पुण्याच्या वकील-शिक्षकांच्या मंडळीने मांडून ठेवला होता. त्याच सुमारास महात्मा फुलेही ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने शेतकऱ्याची गायराने आणि गुराढोरांची चराई कशी हिरावली, ते पोटतिडकीने लिहीत होते. सभेची मंडळी आणि फुले यांच्यात इतर बाबतींत केवढी दरी होती! जंगलाच्या प्रश्नावर मात्र दोघांचे बोट एकाच जखमेवर होते. निवेदनाचा उपयोग झाला नाही, कायदा झाला.

पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांचे वकीलपत्र घ्यायला कोणी धजत नव्हते, तेव्हा सार्वजनिक काका उभे राहिले. त्या काळी पुण्यात सरकारविरुद्धच्या बंडखोराच्या बाजूने उभे राहणे म्हणजे स्वतःच्या वकिलीवर पाणी सोडण्याची तयारी ठेवणे. १८८० मध्ये ते गेले. सभा पुढे चालली, तिचे त्रैमासिक निघत राहिले आणि १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांच्या प्रभावाखाली सभेचे लोक शेतकऱ्यांना साराविषयक सवलतींचे त्यांचे हक्क समजावत फिरले. १८९७ मध्ये सरकारने तिची मान्यता काढून घेतली. यापुढे सार्वजनिक सभेचे अर्ज सरकार ऐकणार नव्हते. कोणतीही दंगल नाही, जप्ती नाही. फक्त ‘तुमचा संबंध नाही’ एवढेच. सार्वजनिक वकिली मोडण्याची ही साधी तऱ्हा पुढेही अनेकदा दिसते, म्हणून ते साल आपण लक्षात ठेवू.

पर्वतीचा वाद मात्र कायद्यात आपली खूण ठेवून गेला, असे मला नेहमी वाटते. निदान त्या जातीच्या वादांनी ती ठेवली. १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डाकोरच्या मंदिराच्या खटल्यात देवमूर्ती ही कायद्याच्या नजरेत व्यक्ती आहे, तिची मालमत्ता सांभाळणारे हे तिचे विश्वस्त आहेत, असा विचार मांडला. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत दोन कलमे शेजारी शेजारी बसली. ९२ वे सार्वजनिक धर्मादाय न्यासांचे: विश्वस्तांनी गैरकारभार केला तर हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्तींनी दावा लावावा. ९१ वे सार्वजनिक उपद्रवाचे: स्वतःचे खास नुकसान झालेले नसले तरी दोन किंवा अधिक व्यक्तींनी दावा लावावा. दोन्हींना अट एकच, ॲडव्होकेट जनरलची लेखी संमती. देवळाचा विश्वस्त आणि ओढा घाण करणारा कारखानदार, दोघांविरुद्धची वाट एकाच दरवाज्यातून गेली, आणि त्या दरवाज्याची किल्ली सरकारच्या वकिलाकडे राहिली. ९१ व्या कलमात न्यायालयाच्या परवानगीचा पर्याय यायला १९७६ उजाडावे लागले.

दरवाजा बंद असला की काय होते, हे पुण्याच्या पश्चिमेला मुळशीने दाखवले. टाटा कंपनीच्या धरणासाठी मुळा-नीला खोऱ्यातली गावे बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. लोकांना कोर्टात का जाता आले नाही, हा प्रश्न आजच्या वाचकाच्या मनात येतो. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात एकदा जमीन घ्यायची ठरली की न्यायाधीशापुढे वाद उरे तो मुख्यतः मोजणीचा, रकमेचा आणि वाटणीचा. जमीन घ्यावीच का, नदी अडवावीच का, हे विचारण्याची सोय नव्हती. संपादनाविरुद्ध हरकत ऐकून घेण्याचे कलम कायद्यात आले ते १९२३ मध्ये, मुळशीचा लढा शेवटाकडे जात असताना. तीही हरकत ऐकणार जिल्हाधिकारी. खोरे बुडाले.

त्याच दशकात महाडला मात्र पाण्याचा एक प्रश्न थेट न्यायालयाने हाताळला. चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आपल्या लोकांसह पाणी प्याले. डिसेंबरात सवर्णांनी त्यांच्यावर दावा गुदरला, की तळे आमचे आहे. दहा वर्षे हा खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निर्णय दिला: तळे नगरपालिकेचे, अस्पृश्यांना वगळण्याची अनादी रूढी सिद्ध झालेली नाही. पर्यावरणाच्या कायद्याच्या इतिहासात हा खटला सहसा मोजला जात नाही. मला तो तिथेच असावा असे वाटते. पाणी सगळ्यांचे ठरल्याशिवाय ते स्वच्छ राखण्याची मागणी सगळ्यांची होत नाही, आणि आंबेडकरांनी ते पाणी स्वतः बॅरिस्टर असताना, प्रतिवादी म्हणून, कोर्टातही सगळ्यांचे करून घेतले.

मग १२ जुलै १९६१. पानशेत फुटले, खडकवासला फुटले, आणि मुठा शनिवार, नारायण, कसबा या पेठांतून वाड्यांच्या माळ्यांपर्यंत चढली. ओंकारेश्वर बुडाले. न्यायमूर्तींचा चौकशी आयोग बसला, अहवाल आला. ज्यांचे संसार वाहून गेले त्यांना आयोगापुढे साक्ष देता आली.  पुढे पूररेषा आखल्या गेल्या. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. कागदावर आखलेल्या या दोन रेषा अर्ध्या शतकानंतर पुण्यातल्या वकिलांच्या हातातले मुख्य हत्यार होणार होत्या.

आता थोडा वेळ पुणे सोडू. १९६० च्या दशकात अमेरिकेत या कल्पनेला आजचे रूप मिळत होते. हडसन नदीकाठच्या स्टॉर्म किंग डोंगरावरच्या वीज प्रकल्पाविरुद्ध १९६५ मध्ये तिथल्या न्यायालयाने एका नागरी संघटनेला दाद मागू दिली. लाँग आयलंडवर डीडीटीच्या फवारणीविरुद्ध खटला लढलेल्या शास्त्रज्ञांनी आणि वकिलाने १९६७ मध्ये एन्व्हायर्न्मेंटल डिफेन्स फंड काढला. १९७० मध्ये नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल आणि १९७१ मध्ये सिएरा क्लबचा कायदेशीर बचाव निधी आला, जो पुढे १९९७ मध्ये अर्थजस्टिस झाला. रचना नवी होती: वकील पगारी, पण पक्षकाराकडून फी नाही, पैसा देणग्यांतून आणि फोर्ड फाउंडेशनसारख्या संस्थांतून. १९७० च्या ऑक्टोबरात अमेरिकी करखात्याने अशा कचेऱ्यांची करसवलत रोखली, देशभर ओरड झाली आणि महिन्याभरात खात्याला नियम आखून माघार घ्यावी लागली. दोन वर्षांनी सिएरा क्लबच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘तुमच्या सभासदांचे काय नुकसान?’ हा जुनाच प्रश्न विचारला, आणि न्यायमूर्ती डग्लस यांनी वेगळे मत नोंदवून दऱ्याखोऱ्यांनाच वादी मानावे असे सुचवले. देवमूर्तीला व्यक्ती मानणाऱ्या मुंबई न्यायालयाला ही कल्पना तितकी परकी वाटली नसती.

भारतात दरवाजा आतून उघडला गेला. १९७६ मध्ये राज्यघटनेत पर्यावरणरक्षणाचे कलम ४८-अ आणि नागरिकाच्या कर्तव्याचे ५१-अ आले. त्याच वर्षी ‘मुंबई कामगार सभा’ या संघटनेच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जनहिताच्या दाव्याची भाषा आणली. १९८० मध्ये रतलामच्या एका वस्तीतल्या रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध लढवलेल्या खटल्यात त्यांनी जुने सार्वजनिक उपद्रवाचे कलम कामाला लावून नगरपालिकेला, पैसा नाही ही सबब चालणार नाही, असे बजावले. ३० डिसेंबर १९८१ ला एस. पी. गुप्ता खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी दार सताड उघडले: जो स्वतः येऊ शकत नाही त्याच्यासाठी कोणीही सद्हेतूने येऊ शकेल, पत्र लिहूनही. तेव्हा सरन्यायाधीशपदी होते पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयात शिकलेले यशवंत विष्णू चंद्रचूड. लवकरच डेहराडूनच्या चुनखडीच्या खाणींविरुद्ध एका पत्रातून खटला उभा राहिला, आणि १९८५ पासून एम. सी. मेहता हा एकटा वकील गंगेसाठी, दिल्लीच्या हवेसाठी न्यायालयाच्या दारी उभा राहू लागला. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने साठ दिवसांची नोटीस देऊन नागरिकालाही फिर्यादी होता येईल, अशी तरतूद केली.

महाराष्ट्राने या काळात संस्था उभ्या केल्या. १९७९ मध्ये मुंबईत बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप सुरू झाला. १९८१ मध्ये लॉयर्स कलेक्टिव्ह, आणि १९८९ मध्ये पुढे ह्यूमन राइट्स लॉ नेटवर्क म्हणून वाढलेले काम मुंबईतच सुरू झाले. शेजारी गोव्यात म्हापशाहून १९८६ मध्ये गोवा फाउंडेशन उभे राहिले, ज्याच्या याचिकांवर २०१४ आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या लोहखाणींच्या पट्ट्यांना लगाम घातला. डहाणूच्या औष्णिक वीजप्रकल्पाविरुद्ध लढलेली तिथली माणसे १९९१ मध्ये हरली. पण १९९६ मध्ये बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले आणि निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. चिकूच्या वाड्यांना स्वतःचा जणू राखणदार मिळाला. कांदळवनांसाठी ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ ला तोडबंदीचा अंतरिम हुकूम दिला, तेरा वर्षांनी तो कायम झाला. ठाण्याच्या खाडीकाठी उभे राहून पाहिले, की त्या हुकुमाने किती झाडे वाचली हे सांगायला कोणी लागत नाही.

१३ डिसेंबर १९९६ रोजी मात्र एक असा निकाल लागला, ज्याने मला पर्वतीची आठवण होते. हिमाचलात बियास नदीचा प्रवाह एका हॉटेलासाठी वळवला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले: नद्या, किनारे, जंगले यांचे सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. विश्वस्त! सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्याच्या लोकांनी देवस्थानच्या पंचांना ज्या नात्याने जाब विचारला, त्याच नात्याने आता नदीच्या सरकारी पंचांना विचारता येत होता. ९१ आणि ९२ ही शेजारची दोन कलमे इतक्या वर्षांनी एकमेकांत मिसळली.

मग न्यायाधिकरण आले. २०१० च्या कायद्याने, १८ ऑक्टोबरपासून, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अस्तित्वात आले आणि २०१३ मध्ये महाराष्ट्र, गुजरात, गोवा यांसाठी पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात काम करू लागले. नुकसानभरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी एक हजार रुपये. वकील न लावता नागरिकाने स्वतः उभे राहावे अशीही मुभा. ‘बाधित व्यक्ती’ या शब्दांचा अर्थ न्यायाधिकरणाने ऐसपैस घेतला. पुण्यात सहयोग ट्रस्टचे ॲड. असीम सरोदे यांच्यासारखे वकील या कामाला लागले. दिल्लीत ऋत्विक दत्ता आणि राहुल चौधरी यांनी २००५ मध्ये सुरू केलेली ‘लाइफ’ ही संस्था देशभरच्या गावांची वकीलपत्रे घेत होती, तिला २०२१ मध्ये ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला. अमेरिकेसारखी पगारी वकिलांची कचेरी आपल्याकडे सरळ उभी राहत नाही, हेही सांगायला हवे. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे पूर्ण वेळ पगारी नोकर असलेला वकील न्यायालयात वकिली करू शकत नाही. म्हणून आपल्याकडे ही कामे ट्रस्ट, सोसायटी आणि फी सोडून देणाऱ्या खासगी वकिलांच्या कार्यालयांत विभागून चालतात. दिवसा जमिनीचे दावे, संध्याकाळी नदीचा अर्ज, अशी ती ओढाताण असते, आणि ती ओढणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे.

मुठेच्या वाट्याला पहिला मोठा निकाल लवकरच आला. विठ्ठलवाडीपासून राष्ट्रीय महामार्गापर्यंत नदीकाठाने नेलेल्या रस्त्याविरुद्ध सारंग यादवाडकर आणि इतरांनी केलेल्या अर्जावर ११ जुलै २०१३ रोजी न्यायाधिकरणाने, निळ्या रेषेच्या आत भराव टाकून रस्ता नेता येणार नाही, मार्ग सरकवा किंवा खांबांवर उचला, असा निर्णय दिला. पानशेतच्या पुराला दुसऱ्याच दिवशी बावन्न वर्षे पूर्ण होत होती. मेट्रोच्या खटल्यात पुढे यश तितके मिळाले नाही. जानेवारी २०१७ मध्ये पात्रातल्या कामाला स्थगिती मिळाली, तज्ज्ञांची समिती बसली, शेवटी अटी घालून काम होऊ दिले गेले. पाडगावकर तोवर हयात नव्हते. १ ऑगस्ट २०२३ ला त्या मार्गावरून गाडी धावली. त्याआधीच, मार्च २०२२ मध्ये, मुळा-मुठेच्या सुमारे ४४ किलोमीटर काठाच्या सुशोभीकरणाचा पाया घातला गेला होता, आणि त्याच्या परवानगीविरुद्धचे अर्जही न्यायाधिकरणात गेले.

सार्वजनिक सभेची मान्यता गेली ते १८९७ चे साल लक्षात ठेवायला सांगितले होते. २०१६ मध्ये लॉयर्स कलेक्टिव्हची परदेशी देणग्या घेण्याची नोंदणी रद्द झाली. २०१७ मध्ये गोव्याची प्रकरणे पुण्याहून दिल्लीला हलवण्याचा हुकूम निघाला. म्हापशाच्या माणसाला रात्रीच्या बसने गाठता येणारे न्यायपीठ दोन हजार किलोमीटर दूर जाणार होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो हुकूम त्याच वर्षी रद्द केला. २०१८ मध्ये सदस्यच नेमले न गेल्याने पुण्याचे खंडपीठ ठप्प झाले, आणि काही काळ सुनावण्या दिल्लीहून पडद्यावर झाल्या. कोणत्याही कागदावर ‘तुमचा संबंध नाही’ असे लिहिलेले नव्हते. फक्त खुर्च्या रिकाम्या होत्या.

पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढतो, भिडे पूल पाण्याखाली जातो आणि शनिवार-नारायण पेठेतली माणसे काठावर जमतात. मुठेचे गढूळ पाणी मेट्रोच्या खांबांना वळसा घालून ओंकारेश्वराकडे येते. त्या गर्दीत हल्ली एखादा माणूस पाण्याची पातळी खांबावर कुठवर आली, भरावाचा कोणता भाग बुडाला, कोणता वर राहिला, याची छायाचित्रे काढताना दिसतो. प्रत्येक छायाचित्रावर तारीख आणि वेळ उमटेल अशी त्याने सोय केलेली असते. घरी गेल्यावर तो ती क्रमाने लावतो, मागे ठिकाण लिहितो, आणि वकिलाकडे पाठवतो. प्रतिज्ञापत्राला परिशिष्ट म्हणून जोडायला.